मावळे डझनावर का घेता?

दिवाळीच्या तोंडावर बाजारात पणत्यांच्या शेजारी किल्ल्यावरची चित्रं मांडलेली असतात. सिंहासनावरचे महाराज, भालदार-चोपदार, तोफ, वाघ, डोक्यावर घडा घेतलेली बाई आणि ढीगभर मावळे. खरेदी कशी होते ते आठवा. महाराजांची मूर्ती आपण हातात घेतो, फिरवून बघतो, नाक-डोळे नीट आहेत ना याची खात्री करतो. मावळे मात्र डझनावर मागतो. एखाद्याचा भाला मोडलेला निघाला तर ‘राहू द्या, मागच्या बुरजावर उभा करू’ म्हणून चालवून घेतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, सगळ्यांना एकच मिशी आणि एकाच डब्यातला रंग.

इतिहास वाचतानाही आपण बहुतेक वेळा असंच करतो. राजा, सेनापती आणि घोडा तेवढे नीट बघतो. चालत आलेला माणूस ‘इतके हजार पायदळ’ या दोन-तीन शब्दांत उरकतो. मोबाइलच्या वॉलपेपरवर, गाडीच्या काचेवर, रीलमध्ये, सगळीकडे घोडाच उधळलेला. पायात वहाण असेल-नसेल असा, खांद्यावर घोंगडी टाकून निघालेला माणूस कुणाच्या डीपीवर तुम्ही पाहिलाय का?

म्हणून या सुट्टीत तुम्हाला एक काम सुचवायचं आहे. दहा मावळे आणा, त्यांच्यावरचा तो एकसारखा रंग झाकून टाका आणि एकेकाला नव्यानं रंगवा. राजा नको, घोडेस्वार नको. फक्त पायदळ.

‘हे काय लहान पोरांचं काम’ असं मनात आलं असेल, तर आधी हे ऐका. जगात हा मोठ्या माणसांचा छंद आहे, आणि चांगला गंभीर छंद आहे. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं, दोन्ही बाजूंच्या छोट्या फौजा उभ्या करायच्या आणि मोजपट्टी व फासे घेऊन एखादी खरी लढाई नियमानं खेळायची. प्रशियाच्या लष्करानं १८२४ मध्ये असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि तो खेळ घराघरांत नेला. आज त्यासाठी अठ्ठावीस मिलिमीटरचे, पंधरा मिलिमीटरचे, अगदी सहा मिलिमीटरचेसुद्धा शिपाई मिळतात. माणसं महिनोन् महिने बसून एकेक पलटण रंगवतात. डगल्याच्या कॉलरचा रंग कोणता, पट्टा काळा की पांढरा, यावर त्यांचे वाद रंगतात.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की या लोकांच्या आवडत्या लढायांमध्ये असईची लढाई आहे. असई म्हणजे जालना जिल्ह्यातलं गाव. सातासमुद्रापलीकडची माणसं भिंग लावून शिंद्यांच्या फौजेतला शिपाई रंगवत बसतात, आणि आपण त्या गावाच्या फाट्यावरून एसटीनं झोपेत पुढे जातो.

आता मराठवाड्याचा नकाशा काढा आणि बोट नारायणगडावर ठेवा. बीड जिल्ह्यातला हा गड लढाईचा नाही. नगद नारायण महाराजांचा हा गड, ‘धाकटी पंढरी’ म्हणून लोक त्याला ओळखतात. आपल्याकडे गड म्हटलं की बुरूज आणि तोफांऐवजी टाळ-मृदंग डोळ्यांपुढे येतात. नारायणगड, गहिनीनाथगड ही त्यातलीच नावं. त्यामुळे ‘लढाया तिकडे सह्याद्रीत झाल्या, आपल्याकडे काय?’ असं इथल्या पोरांना वाटतं. पण बोट जरा वर, गोदावरीकडे न्या. गेवराई तालुक्यात नदीकाठी राक्षसभुवन आहे. शनीचं ठिकाण म्हणून तुम्ही तिथे गेलाही असाल. १० ऑगस्ट १७६३ ला तिथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. पावसाळा होता, गोदावरी भरलेली होती. निजामाची निम्मी-अर्धी फौज नदीपार झाली होती आणि उरलेली अलीकडे अडकली होती. मराठ्यांनी तेवढ्यात तिला गाठलं. निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर तिथे मारले गेले. त्या दिवशी माधवराव पेशव्यांचं वय होतं अठरा. म्हणजे तुमच्यातला एखादा एफ.वाय.चा पोरगा.

आता बोट खाली आणा. बीडच्या सीमेजवळ, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. ११ मार्च १७९५ ची लढाई तिथली. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे मराठे एकत्र येऊन जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई, असं म्हणतात. आणि तिथून आठच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, असई. म्हणजे नारायणगडाच्या वर-खाली चाळीस वर्षांत तीन मोठ्या लढाया, आणि तिन्हींत पायी लढणारी हजारो माणसं. ही माणसं आपल्या चित्रांत दिसत नाहीत. मात्र आपल्या तोंडात ती रोज असतात. कशी, ते बघा.

कॉलेजात तुमचा ‘कंपू’ असतो ना? शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या तुकड्यांना कंपू म्हणत. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेऊन हे पायदळ उभं करायला सुरुवात केली. घरात पाहुण्यांची पोरं जमली की आजी म्हणते, ‘आली बघा पलटण!’ तीही तिथलीच. बंदूक घेऊन रांगेत लढणारा भाडोत्री शिपाई तो गारदी. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर हा शब्द शिवीसारखाच झाला. आणि सगळ्यांत जुना शब्द पाईक. पाईक म्हणजे पायी लढणारा शिपाई. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे अभंग म्हणून वेगळे अभंगच आहेत. ज्या गडावर आपण विठ्ठलाचे पाईक म्हणून पायी जातो, त्या गडाच्या आसपासच्या रानांतून खरे पाईकही गेले असतील, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही.

तर हा पाईक रंगवायला बसलात की काय होतं? पहिल्याच रंगाला गाडी अडते. मुंडासं कोणत्या रंगाचं? तुम्ही सवयीनं भगव्याची बाटली उघडता. मग विचार येतो, की याला गणवेश कुणी दिला होता? शिवकाळातला मावळा बहुतेक घरच्याच कपड्यांत लढायला यायचा. म्हणजे धुऊन धुऊन पिवळट पडलेलं सुती कापड, काळी किंवा करडी घोंगडी. ज्याला परवडलं त्याचं मुंडासं निळीत बुडवलेलं, नाहीतर मंजिष्ठात. दहा जणांची दहा मुंडाशी दहा तऱ्हेची निघतात. मग एकाला पिकलेली दाढी द्यावीशी वाटते, एकाला मिसरूडही न फुटलेलं पोरगं करावंसं वाटतं. बघता बघता डझन संपतो आणि दहा माणसं उरतात.

दहाच का, त्यालाही कारण आहे. शिवरायांच्या पायदळाची घडी दहाच्या आकड्यावर बसवलेली होती. दहा जणांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था दिलेली आहे. आजच्या लष्करात आणि पोलिसांत नाईक आणि हवालदार हे शब्द अजून चालू आहेत. तुमच्या गावातला एखादा निवृत्त हवालदार बघितलात, तर तीनशे वर्षांहून जुनं पद बघितलंत म्हणून समजा.

यापुढची अडचण मोठी आहे, आणि तीच या कामाची खरी कमाई. खर्ड्याची लढाई मांडायला घ्या. निजामाकडच्या कवायती पलटणी रेमंद या फ्रेंच माणसानं तयार केलेल्या. समोर शिंद्यांच्या पलटणी, त्यांच्यावर पेराँ, तोही फ्रेंचच. दोन्हीकडे बंदुका, संगिनी, तीच कवायत. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. निजामाच्या फौजेत ‘जफर पलटण’ नावानं बायकांचं पायदळ होतं, आणि ते खर्ड्याला हजर होतं. एनसीसीच्या परेडला जाणाऱ्या पोरींनो, तुमच्या जिल्ह्याच्या वेशीवर सव्वादोनशे वर्षांपूर्वी बायका बंदूक खांद्याला लावून उभ्या होत्या. त्यांचं एकही चित्र किल्ल्यावर नसतं.

असई मांडायला घेतलीत तर रंगच दगा देतो. शिंद्यांच्या तेलंगी पलटणींचा पोशाख कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवर, लाल डगल्यांचा होता, असं वर्णन मिळतं. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना लालच. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ लांबून ओळखू येत नाहीत. जवळ जाऊन चेहरे रंगवायला घेतले तर गोंधळ आणखी वाढतो. शिंद्यांच्या पलटणींत अवध आणि रोहिलखंडाकडचे लोक होते, हिंदू होते, मुसलमान होते. कंपनीच्या बाजूनं लढणाऱ्यांत देशी शिपाईच जास्त होते. पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढलेले इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होते. राक्षसभुवनला मारले गेलेले निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे हिंदू ब्राह्मण, आणि नागपूरचे जानोजी भोसले लढाईच्या थोडंच आधी निजामाची बाजू सोडून पेशव्यांकडे आले होते.

आपल्याकडे हल्ली इतिहासाचे दोनच रंग विकत मिळतात. दोन बाटल्या घ्यायच्या, एक ‘आपली’, एक ‘परकी’, आणि सगळी माणसं त्यात बुचकळून काढायची. निवडणूक आली, जयंती आली की ह्या बाटल्या स्वस्त होतात. अशा वेळी कुणाच्या भाषणाला भाषणानं उत्तर देत बसण्यापेक्षा खर्ड्याचे तीस शिपाई स्वतः वाचून, शोधून रंगवा. दोन बाटल्यांत काम भागत नाही, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. बाहेरून मागवलेल्या फिगर महाग पडतात, त्यांच्या नादी सुरुवातीला लागूच नका. बाजारातले मावळे चालतील. खेळण्यातले प्लॅस्टिकचे सैनिक मिळाले तर त्यांना एम-सीलची पगडी आणि अंगरखा चढवा. इंजिनिअरिंगच्या मित्राकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर उत्तमच. प्लॅस्टिक असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, नाहीतर रंग धरत नाही. माती किंवा पीओपी असेल तर पाणी लावू नका, कोरड्या ब्रशनं धूळ झटका. प्रत्येकाला एकेका बाटलीच्या बुचावर चिकटवा, म्हणजे धरायला मूठ होते. हार्डवेअरच्या दुकानातला राखाडी प्रायमर हलक्या हातानं मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग अ‍ॅक्रिलिक रंग. बाटलीतून थेट लावलात तर नाक-डोळे बुजतात. पाणी घालून दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या. ब्रश शून्य किंवा एक नंबरचा पुरतो, फक्त त्याचं टोक शाबूत हवं. आधी सगळ्यांची त्वचा, मग सगळ्यांचे अंगरखे, मग मुंडाशी, असं रांगेनं करत गेलात की काम सरकतं. शेवटी तपकिरी रंग खूप पातळ करून अंगावरून फिरवा. तो चुण्यांमध्ये जाऊन बसतो आणि चेहऱ्यावर एकदम जीव येतो. ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग उंचवट्यांवर घासला की कापडाची घडी दिसते. पायाखाली तुमच्या रानातली माती गोंदानं चिकटवा. राक्षसभुवन करत असाल तर काळी माती आणि गोदेची वाळू, बाहेरचं काही आणायची गरज नाही.

रंगांची आणि पोशाखाची माहिती हवी तर रीलवर थांबू नका. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. नसतील तर इतिहासाच्या सरांच्या मागे लागा. पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालयातली शस्त्रं बघून या. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून तिथेच आहे. एका मुंडाशाच्या रंगासाठी अर्धा दिवस कागद चाळणारा मुलगा इतिहासाचं जे शिकतो, ते गाइडमधून येत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. हे युद्धाचं कौतुक नाही का? उलट अनुभव येतो. या खेळात बहुतेकदा एक बाहुली म्हणजे वीस शिपाई असा हिशेब धरतात. सहाशेची पलटण म्हणजे तीस बाहुल्या. एकीला पाऊण तास धरला तर साडेबावीस तास झाले. आता टेबलावर फासा पडतो आणि समोरचा म्हणतो, ‘तीन उचल.’ ज्याच्या मिशीला तुम्ही दोनदा रंग दिला होता तो उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर साठ माणसं. असईत ब्रिटिश बाजूचे ४२८ ठार झाले आणि अकराशेहून जास्त जखमी. म्हणजे ठार झालेल्यांच्याच एकवीस बाहुल्या. मराठ्यांच्या बाजूचे किती मेले? तो आकडा अंदाजाचाच आहे, कारण त्यांना एकेक करून मोजायला कुणी थांबलं नाही. शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफांपाशीच मेले. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकल्यावर उठून पुन्हा तोफा डागू लागले. वेल्सनंही आपल्या पुस्तकात खऱ्या युद्धापेक्षा हे टेबलावरचं युद्ध किती बरं, हेच सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

साध्या शिपायाचं नाव राहिलं की काय होतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांत महार शिपायांची नावं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली तिथे गेले. आजही दर १ जानेवारीला माणसांचा महासागर तिथे लोटतो. त्या लढाईबद्दल कुणाचं काही मत असो, दगडावरचं नाव वाचून आपला पूर्वज सापडतो, ही गोष्ट खरी आहे. राक्षसभुवनला, खर्ड्याला पडलेल्या पाइकांच्या वाट्याला असा दगड आला नाही. त्यांच्यात तुमच्या आमच्या गावची आडनावं असणारच.

आणि हा विषय जुना आहे असं समजू नका. पहाटे पाचला बीडच्या कुठल्याही रस्त्यावर जा. भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतील, पोलिसाची, नाहीतर सैन्याची. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा इतिहास १७६८ पासूनचा आहे, आणि इन्फन्ट्री म्हणजे पायदळच. या पळणाऱ्यांतले काही जण उद्या कुठल्या तरी सीमेवर उभे असतील. बातमीत त्यांचा उल्लेख पुन्हा ‘इतके जवान’ असा आकड्यानंच येईल. आकड्यामागचा चेहरा बघण्याची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल, आणि ती टेबलावरच्या दहा शिपायांपासून लावता येते.

तेव्हा कॉलेज उघडलं की गॅदरिंगच्या आधी तुमचा कंपू गोळा करा. एक कला शाखेचा, एक चित्रकलेत हात असलेला, एक इंजिनिअरिंगचा, एक एनसीसीची, एक गोदाकाठचा, ज्याला पुराचं पाणी कुठवर येतं ते माहीत आहे. राक्षसभुवनची लढाई एका टेबलावर मांडा. नदी भरलेली दाखवा. प्रत्येक बाजूला एक नाईक आणि दहा पाईक एवढेच असले तरी चालतील. फक्त प्रत्येकाला वेगळा चेहरा द्या आणि बुडाखाली एक नाव लिहा, तुमच्या गावात चालणारं कुठलंही. झालं की फोटो काढून आमच्याकडे पाठवा. या पानावर तो छापू, आणि मधोमध घोडा असणार नाही.